विश्लेषण : मका-उसापासून बनलेला प्लास्टिकचा ग्लास खरेच मातीत मिसळतो का?

लग्नाच्या हॉलमधील वेलकम ड्रिंक, ज्यूस सेंटरवरचा मिल्कशेक किंवा आयटी कंपनीच्या कॅन्टीनमधील कोल्ड कॉफी. हल्ली यासाठी मिळणाऱ्या पारदर्शक ग्लासवर अनेकदा हिरवे पान छापलेले असते आणि खाली ‘वनस्पतीपासून बनवलेला’, ‘१०० टक्के कम्पोस्टेबल’ अशी ओळ असते. हाताला आणि डोळ्यांना हा ग्लास प्लास्टिकचाच वाटतो. तरीही एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी असताना तो उघडपणे विकता येतो आणि साध्या ग्लासपेक्षा महागही असतो. जादा पैसे मोजणाऱ्याची समजूत अशी, की फेकला तरी हा ग्लास पालापाचोळ्यासारखा मातीत मिसळून जाईल. बहुतेक वेळा तसे होत नाही. का होत नाही, याचे उत्तर एका आकड्याभोवती फिरते. तो आकडा म्हणजे ६० अंश सेल्सिअस.

हा ग्लास नेमका कशाचा असतो?

बाजारातील असे बहुतेक पारदर्शक ग्लास पीएलए म्हणजेच पॉलिलॅक्टिक ॲसिडचे असतात. हा पदार्थ नवा नाही. नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३०च्या दशकात ड्युपॉण्ट कंपनीत असताना त्यावर काम केले होते. मात्र तो महाग पडत असल्याने अनेक वर्षे त्याचा वापर मुख्यतः वैद्यकीय क्षेत्रापुरता राहिला. शस्त्रक्रियेतील आपोआप विरघळणारे काही टाके याच कुटुंबातील पदार्थांचे असतात. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ब्लेअर येथे मक्यापासून पीएलए बनवणारा मोठा कारखाना या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला आणि मग ग्लास, झाकणे, चमचे यांसाठी तो परवडू लागला. नेचरवर्क्स या कंपनीच्या त्या कारखान्याची वार्षिक क्षमता सुमारे दीड लाख टन आहे. थायलंडमधील रायोंग येथे टोटलएनर्जीज कॉर्बियनचा ७५ हजार टनांचा कारखाना आहे. तेथे कच्चा माल म्हणून उसाची साखर वापरतात.

येथे एक गल्लत टाळायला हवी. उसाच्या चिपाडांच्या लगद्यापासून बनवलेल्या जाडसर, अपारदर्शक प्लेट-वाट्या वेगळ्या आणि पीएलएचा ग्लास वेगळा. चिपाडाची प्लेट हा कागदाचा भाऊबंद आहे. पीएलए हे रासायनिकदृष्ट्या प्लास्टिकच आहे, फक्त त्याचा कच्चा माल शेतातून येतो. ‘उसापासून बनवलेले’ असे दोन्हींवर लिहिता येते.

साखरेपासून ग्लास कसा तयार होतो?

पहिली पायरी आपल्या स्वयंपाकघरातील विरजणासारखी आहे. दुधाचे दही होताना जीवाणू दुधातील साखर खातात आणि लॅक्टिक ॲसिड तयार करतात. दह्याचा आंबटपणा त्याचाच. कारखान्यात मक्याच्या स्टार्चपासून मिळवलेली किंवा उसाची साखर मोठ्या टाक्यांमध्ये अशाच जीवाणूंना दिली जाते. तयार झालेले ॲसिड शुद्ध करून त्याच्या दोन-दोन रेणूंचे कडे बनवतात. या कड्याला लॅक्टाइड म्हणतात. मग ही कडी उघडून हजारोंच्या संख्येने एकमेकांना जोडली जातात. त्यातून तयार होणारी लांब साखळी म्हणजे पीएलए. त्याचे दाणे वितळवून पत्रे आणि पत्र्यांतून ग्लास काढतात.

रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक किलो पीएलएसाठी किमान सव्वा किलो साखर लागते. प्रत्यक्षात प्रक्रियेतील तूट धरून ती जास्तच लागते. १० ग्रॅम वजनाचा ग्लास धरला तर त्यात साधारण अडीच-तीन चमचे साखर गुंतलेली असते. पारंपरिक पद्धतीत आणखी एक गोष्ट मागे उरते. ॲसिड वेगळे काढण्यासाठी चुना वापरतात आणि त्यातून जवळपास ॲसिडच्या वजनाइतकाच जिप्सम तयार होतो. त्याची विल्हेवाट हाही प्रकल्पाचा भाग असतो.

वनस्पतीपासून बनले म्हणजे ते कुजणारच ना?

नाही, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ब्राझीलमधील ब्रास्केम ही कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिलीन बनवते. त्याची क्षमता वर्षाला सुमारे २ लाख ६० हजार टन आहे. कच्चा माल पूर्ण शेतातला असला, तरी तयार होणारे पॉलिथिलीन खनिज तेलापासून बनणाऱ्या पॉलिथिलीनसारखेच असते. ते कुजत नाही. याउलट पीबीएटी नावाचे प्लास्टिक मुख्यतः खनिज तेलापासून बनते, तरी ते कम्पोस्टमध्ये कुजते. बाजारातील अनेक कम्पोस्टेबल पिशव्यांत त्याचाच वापर होतो.

म्हणजे ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द फक्त वस्तू कुठून आली ते सांगतो. ती कुठे जाणार, हे त्यातून कळत नाही.

त्यात गरम चहा ओतला तर काय होते?

पीएलए ५५ ते ६० अंशांच्या आसपास कडक अवस्थेतून मऊ अवस्थेत जाते. ते वितळत नाही. वितळायला साधारण दीडशे अंशांच्या पुढचे तापमान लागते. मात्र थंडीत कडक झालेला गूळ ऊब लागताच दबतो, तसे त्याचे होते. वाफाळता चहा यापेक्षा बराच गरम असतो. त्यामुळे ग्लासच्या भिंती वाकतात आणि तो हातात चेपतो. म्हणूनच पारदर्शक पीएलए ग्लास थंड पेयांसाठीच असतात. मे महिन्यात बंद टेम्पोत किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवलेली खोकी उघडल्यावर ग्लास वेडेवाकडे झालेले दिसणे, ही या धंद्यातली नेहमीची अडचण आहे.

गरम पेयांच्या झाकणांसाठी आणि चमच्यांसाठी पीएलएला विशिष्ट प्रकारे तापवून त्यात स्फटिक तयार करतात. हे पीएलए अपारदर्शक, पांढरट दिसते आणि ८०-८५ अंशांपर्यंत तग धरते.

मग हा ग्लास कुजतो तरी कुठे?

येथे तोच आकडा पुन्हा येतो. पीएलए कुजण्याच्या दोन पायऱ्या आहेत. आधी पाणी आत शिरून लांब साखळ्यांचे तुकडे करते. तुकडे पुरेसे लहान झाले की मग जीवाणू आणि बुरशी ते खातात. सामान्य तापमानाला साखळ्या ताठ आणि घट्ट बसलेल्या असतात. त्यामुळे पाण्याचे काम फार संथ चालते आणि सूक्ष्मजीवांच्या तोंडी काही लागत नाही. ६० अंशांच्या आसपास साखळ्या सैल होतात, पाणी झपाट्याने आत शिरते आणि कुजणे सुरू होते. ज्या तापमानाला ग्लास चहात मोडतो, साधारण त्याच तापमानाला तो मातीत जाऊ शकतो.

म्हणूनच ‘कम्पोस्टेबल’ ठरवण्याच्या कसोट्या औद्योगिक कम्पोस्ट प्रकल्पातील परिस्थिती गृहीत धरतात. युरोपातील ईएन १३४३२ या मानकानुसार वस्तूचे १२ आठवड्यांत इतके तुकडे व्हावे लागतात, की दोन मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून अधिक भाग उरता कामा नये. सहा महिन्यांत ९० टक्के जैवविघटन व्हावे लागते. ही चाचणी प्रयोगशाळेत साधारण ५८ अंश तापमानाला घेतात. उरलेल्या खतात जड धातू मर्यादेत आहेत का आणि त्यात रोप नीट उगवते का, हेही तपासले जाते. भारतात यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू आहे.

ही कसोटी कडक आहे आणि तिच्यात उत्तीर्ण झालेला ग्लास खरोखर कुजतो. मात्र त्याला आठवडेच्या आठवडे ओलावा, हवा आणि ६० अंशांच्या आसपासची ऊब मिळायला हवी.

कुंडी, गांडूळखत, बायोगॅस आणि समुद्रात काय होते?

घरच्या कम्पोस्ट कुंडीत किंवा बादलीत इतके तापमान टिकत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटनमधील नागरिकांना सोबत घेऊन केलेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘घरी कुजणारे’ असे प्रमाणपत्र असलेल्या प्लास्टिकपैकी ६० टक्के वस्तू घरच्या खतात पूर्ण विघटित झाल्या नव्हत्या. पीएलएच्या साध्या ग्लासवर तर असा दावाही सहसा नसतो.

सोसायटीत गांडूळखताचा खड्डा असेल तर प्रश्नच मिटला. साधारण ३५ अंशांच्या पुढे गांडुळे जगत नाहीत, म्हणजे तो खड्डा ६० अंशांपर्यंत जाऊच शकत नाही. ओला कचरा बायोगॅस प्रकल्पात जात असेल तर तेथील अनेक टाक्या ३५ ते ४० अंशांवर चालतात. त्या तापमानाला पीएलए फारसे हलत नाही, ते गाळाबरोबर बाहेर पडते.

समुद्राचे पाणी तर त्याहून थंड. अमेरिकेतील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी वेगवेगळे धागे समुद्रात टांगून ठेवले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार लाकडापासून बनलेले धागे साधारण महिनाभरात विघटित झाले. पीएलएच्या धाग्यांत ४२८ दिवसांनंतरही विघटनाची चिन्हे दिसली नाहीत. गटारातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाणारा ग्लास मक्याचा आहे की खनिज तेलाचा, याने माशाला काही फरक पडत नाही.

कचऱ्याच्या डोंगरात गाडला गेलेला ग्लासही दीर्घकाळ तसाच राहतो. त्यातला कार्बन हवेत जात नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. मात्र ‘मातीत मिसळतो’ हे आश्वासन तेथे खोटे ठरते.

सुक्या कचऱ्यात टाकला तर पुनर्वापर होईल?

तांत्रिकदृष्ट्या पीएलएचा पुनर्वापर शक्य आहे. मात्र त्यासाठी ते वेगळे, पुरेशा प्रमाणात गोळा व्हायला हवे आणि आपल्याकडे भंगार बाजारात त्याला भाव नाही. खरी अडचण पुढची आहे. पीएलए आणि पाण्याच्या बाटल्यांचे पेट प्लास्टिक दिसायला सारखे असते. पाण्यात टाकले तर दोन्ही बुडतात. पेट साधारण ७०-७५ अंशांना मऊ होत असल्याने गरम पाण्याची युक्तीही खात्रीची नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक महिलांप्रमाणे हजारो हात देशभर रोज नजरेने आणि स्पर्शाने प्लास्टिक निवडतात. त्यांना हे दोन ग्लास वेगळे ओळखता येणे अवघड आहे.

पीएलए पेटच्या गाठोड्यात गेले तर पुढे कारखान्यात त्रास होतो. पेटचे तुकडे वितळवण्याआधी ज्या तापमानाला वाळवतात, तेथे पीएलए चिकट होऊन गोळे धरते. पेट वितळवण्यासाठी २६० अंशांच्या पुढे जावे लागते. तेथे पीएलए करपते आणि माल पिवळा, कमकुवत होतो. थोडी भेसळही पुरते. ज्या पेट बाटल्यांचा पुनर्वापर आपल्याकडे चांगला चालतो, त्यात हा ‘हिरवा’ ग्लास अडथळा ठरू शकतो.

कायदा काय सांगतो?

केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायचे प्लास्टिकचे ग्लास, कप, प्लेट, चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आली. कम्पोस्टेबल प्लास्टिकला त्यातून वगळले आहे. मात्र त्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ मानकाची पूर्तता, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आणि वस्तूवर तशी छपाई आवश्यक आहे.

महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर मार्च २०१८ मध्येच बंदी आली होती. जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी कप-प्लेटही त्या यादीत गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने अधिसूचनेत बदल करून कम्पोस्टेबल पदार्थाचे ग्लास, प्लेट, स्ट्रॉ, चमचे यांना परवानगी दिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि सिपेट या संस्थेचे प्रमाणपत्र ही त्यासाठीची अट आहे.

‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द पूर्वी कोणीही छापत असे. मार्च २०२४ च्या दुरुस्तीनंतर असा दावा करणाऱ्या वस्तूवर ती किती दिवसांत आणि कोणत्या परिस्थितीत विघटित होते, हे सांगणे अपेक्षित आहे. विघटनानंतर सूक्ष्मप्लास्टिक मागे राहता कामा नये, असेही व्याख्येत आले.

नियमांची साखळी ग्लास विकला जाईपर्यंत मजबूत आहे. पिऊन झाल्यावर तो कोणत्या डब्यात टाकायचा, कोणी वेगळा उचलायचा आणि कुठे न्यायचा, या टप्प्यावर ती विरळ होते. ओल्या कचऱ्यात टाकला तर अनेक प्रकल्पांत कर्मचारी प्लास्टिक समजून तो बाजूला काढतात. सुक्यात टाकला तर वरची पेटची अडचण उभी राहते.

भारतात हे प्लास्टिक बनते का?

आता सुरुवात झाली आहे. पुण्याजवळ जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. साखरेपासून पीएलएपर्यंतची सगळी प्रक्रिया तेथे होते. पीएलएची क्षमता वर्षाला सुमारे ५५ टन आहे. १० ग्रॅमच्या हिशेबाने हे ५५ लाख ग्लास झाले. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खिरी जिल्ह्यात कुंभी येथे बलरामपूर चिनी मिल्सच्या ८० हजार टनांच्या प्रकल्पाची पायाभरणी फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली. एवढ्या पीएलएचे ८०० कोटी ग्लास होऊ शकतात.

यासाठी साखर कमी पडेल, ही भीती तूर्त अनाठायी आहे. ८० हजार टन पीएलएला किमान एक लाख टन साखर लागेल आणि देशाचे वार्षिक उत्पादन ३०० लाख टनांच्या आसपास असते. साखर कारखान्यांना साखर आणि इथेनॉलपलीकडचे उत्पन्न मिळू शकते, म्हणून महाराष्ट्रातील कारखानदारीचेही याकडे लक्ष राहील. मात्र उत्पादन वाढेल त्या वेगाने तो माल कुजवणारी व्यवस्था उभी राहिली नाही, तर प्लास्टिकच्या कचऱ्याला फक्त नवा पुरवठादार मिळेल. देशात २०२०-२१ मध्ये ४१ लाख टनांहून अधिक प्लास्टिक कचरा निर्माण झाल्याची नोंद आहे.

त्यापेक्षा कागदी कप बरा नाही का?

कागद पाणी धरत नाही, म्हणून कपाला आतून पातळ थर द्यावा लागतो. हा थर बहुतेकदा पॉलिथिलीनचा असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपांत ८५ ते ९० अंशांचे पाणी १५ मिनिटे ठेवून पाहिले. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २५ हजार सूक्ष्मप्लास्टिकचे कण उतरल्याचे त्यांना दिसले. त्याऐवजी पीएलएचा थर दिलेले कपही मिळतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या २०२३ मधील अभ्यासात असे कप पाण्यात आणि गाळात काही आठवडे ठेवल्यावर त्यातून उतरलेल्या रसायनांचा डासवर्गीय किड्यांच्या अळ्यांवर विपरीत परिणाम आढळला. थोडक्यात, कागदी कप उघड्यावर टाकायला निर्धोक नाही.

मग हा ग्लास वापरायचा की नाही?

जेथे सगळा कचरा एकाच ठिकाणी गोळा होतो आणि तो तापणाऱ्या कम्पोस्ट ढिगात जाणार हे आधी ठरलेले असते, तेथे या ग्लासला अर्थ आहे. बंदिस्त स्टेडियम, मोठे संमेलन किंवा कंपनीचे आवार ही अशी ठिकाणे. उरलेले अन्न, चिपाडाच्या प्लेट आणि पीएलएचे ग्लास एकाच डब्यात टाकता येतात, निवडण्याचा खर्च वाचतो आणि ओल्या कचऱ्यात साधे प्लास्टिक मिसळत नाही. अट एकच, प्रकल्पचालकाने आधी होकार दिलेला हवा.

घरगुती कार्यक्रम, मंडळाचा मंडप, रस्त्यावरची पाणपोई आणि ज्यूस सेंटर येथे ही साखळी नसते. तेथे मंडप डेकोरेटरकडून भाड्याने आणलेले स्टीलचे ग्लास किंवा रसवंतीवर आजही दिसणारे काचेचे ग्लास हाच बरा मार्ग. यावर नेहमीचा आक्षेप असतो तो पाण्याचा. ‘ग्लास धुवायला पाणी लागते,’ हे खरे आहे. मात्र जागतिक सरासरीनुसार उसाच्या एक किलो साखरेमागे पावसाचे पाणी धरून सुमारे १,७८० लिटर पाणी लागते. म्हणजे ग्लासमधील साडेबारा ग्रॅम साखरेमागे साधारण २२ लिटर झाले. एक स्टीलचा ग्लास विसळायला इतके पाणी कोणी घेत नाही.

विकत घेताना काय पाहावे?

• ‘वनस्पतीजन्य’, ‘इको’, ‘नॅचरल’ या शब्दांवर आणि हिरव्या पानावर विसंबू नका. ‘कम्पोस्टेबल’ हा शब्द, आयएस/आयएसओ १७०८८ चा उल्लेख, उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक शोधा.

• ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिले असेल तर किती दिवसांत आणि कुठे, हे छापले आहे का ते बघा.

• गरम पेयासाठी पारदर्शक पीएलए ग्लास घेऊ नका. साठा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका.

• वापरलेले ग्लास पाण्याच्या बाटल्यांच्या पोत्यात टाकू नका. वेगळ्या पिशवीत भरा आणि त्यावर तसे लिहा.

• घाऊक खरेदीआधी आपल्या प्रभागातील ओला कचरा कम्पोस्टला जातो, गांडूळखताला की बायोगॅसला, हे महापालिकेच्या घनकचरा विभागाला विचारा. कम्पोस्टला जात असेल तर तेथे असे ग्लास स्वीकारतात का, हेही विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या ग्लाससाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.